रेघेबाहेर गेलेला पिवळा

"थांब. ते परत लाव," मी म्हटलं.

"आई, तू कडा काप. उद्या प्रदर्शनात याच चित्राच्या चाळीस प्रिंट द्यायच्यात."

"परत लाव म्हणते ना."

हा माझा मुलगा. दुकानाच्या पाटीवर त्याच्या नावापुढे प्रोप्रायटर लिहिलंय, म्हणून मी त्याला प्रोप्रायटरच म्हणते. त्याला ते झोंबतं, म्हणून जरा जास्तच म्हणते. त्याचे वडील हातानं पाट्या रंगवायचे. सगळे त्यांना पेंटर म्हणायचे, घरात मीसुद्धा. पेंटर जाऊन नऊ वर्षं झाली. आता त्याच जागेत हा मशीनवर छापतो आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाशी कात्री घेऊन बसते. मशीन आल्यावर ब्रश धरणाऱ्यांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे कॉम्प्युटर या वस्तूचा मला मनापासून राग आहे. त्यात याला नाद कसला, तर जुन्या जपानी गेमचा. चाळीस वर्षांपूर्वीचे, खुद्द तिकडेही कुणाला आठवत नसतील असले. मारामारी नाही, पळापळ नाही. एक खोली दिसते, आपण सांगायचं, दार उघड, कपाट बघ, त्या बाईला विचार. असं करत खून कोणी केला ते शोधायचं. त्यातली चित्रं हा मोठी करून, खाली चित्रकाराचं नाव टाकून छापतो आणि घेणारेही याच्यासारखेच भेटतात.

आजवर ती चित्रं मी तयार झालेलीच पाहिली होती. त्या दिवशी यानं शौकिनांच्या प्रदर्शनात ठेवायला त्या काळचा खरा जपानी कॉम्प्युटर आणला होता, आणि त्याच्या पडद्यावर चित्र सावकाश उमटत होतं. किती रखडतंय हे, म्हणून हा कुरकुरत होता. माझी कात्री मात्र थांबली होती.

त्यानं कपाळाला आठ्या घालत परत लावलं. काळ्या पडद्यावर आधी पांढऱ्या रेघा आल्या. खिडकी, खुर्ची, दिवा, दिव्याजवळ पाठमोरी बाई. रेघा संपल्या आणि मग रंग सुरू झाला. आधी भिंत, मग जमीन, मग खुर्ची. बाई अजून कोरीच, ती अगदी शेवटी भरायची. मी तीस वर्षं पेंटरच्या पाट्यांत असाच रंग भरला. माणूस शेवटी ठेवायचं, म्हणजे त्याला दुसऱ्या रंगाचा हात लागत नाही. मग दिव्यात पिवळा पडला आणि तो दिव्यात राहिलाच नाही. रेघेत फट होती. पिवळा बाहेर आला, खिडकीत शिरला, सगळं आभाळ पिवळं करून टाकलं. क्षणभर तसंच राहिलं. मग त्यावर निळे ठिपके पडायला लागले, वर दाट, खाली विरळ, आणि खिडकीबाहेर संध्याकाळ झाली.

"बघितलीस ही संध्याकाळ?" प्रोप्रायटर म्हणाला. "फक्त आठ रंगांत केलीय. बाबांच्या पाटीतला तो लाल उजेड आहे ना, तशी चित्रकाराची नजर असावी लागते याला."

ती पाटी समोरच्याच भिंतीवर आहे. एका छत्रीच्या दुकानाची. दुकान बंद झालं तेव्हा यानं मागून आणली. लाल छत्री घेतलेली बाई, आणि छत्रीचा लाल उजेड तिच्या खांद्यावर, गालावर. कोपऱ्यात पेंटरची सही. येणारा प्रत्येक जण त्या उजेडापाशी थांबतो.

"चित्रकारानं नाही केली ती संध्याकाळ," मी म्हटलं. "त्यानं फट ठेवली. रंग भरणाऱ्यानं निस्तरली."

"तुला काय कळतंय यातलं?"

"निस्तरलेलं कळतं मला."

गेमबरोबर आलेली पुस्तिका मी त्याच्यापुढे आपटली. आता ही गप्प बसायची नाही हे ओळखून त्यानं शेवटच्या पानावर फोन धरला. फोननं भाषांतर दाखवलं. चित्रं, आणि चित्रकाराचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात, रंग, आणि वेगळंच नाव. तीन अक्षरांचं. बाईचं की पुरुषाचं, ते फोनलाही सांगता येईना.

"मग हे प्रिंटवर कुठंय?"

"प्रिंट छापून झाल्यात, आई. आणि रंग भरणाऱ्याचं नाव कोण टाकतं? रेघ आखलेली असली की रंग कोणीही भरतं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाक्य नवं नव्हतं. त्याच्या बापाच्या तोंडून मी ते इतक्यांदा ऐकलंय, की आवाजसुद्धा तोच वाटला. त्या वेळी मी खाली मान घालून भरत राहायचे, आणि त्याचीच आता मला चीड येत होती.

दुपारी तो जुना कॉम्प्युटर प्रदर्शनाच्या जागी पोचवायला गेला. मी माळ्यावरून पेंटरचा डबा काढला. चार नंबरचा ब्रश अजून मऊ आहे, कारण दर महिन्याला मी तो धुऊन ठेवते. कशासाठी, ते मला कोणी विचारलेलं नाही. काळा रंग कालवला आणि चित्रकाराच्या नावाखाली ती तीन अक्षरं काढायला बसले. वाचता येत नव्हती. कुठली रेघ आधी, कुठली मागून, देव जाणे. जन्मभर दुसऱ्यानं खडूनं आखून दिलेलं भरलं. स्वतः आखायची ही पहिलीच वेळ, तीही साठी उलटल्यावर. पहिल्या पाच प्रिंटवर रेघा वाकड्या गेल्या. सहावीपासून हात बसला. चाळिसावी संपली तेव्हा बोटं मिटत नव्हती, आणि मी कित्येक वर्षांत नव्हते इतकी खूश होते.

तो आला. वरची प्रिंट उचलली, मग खालची, मग मधूनच एक ओढून पाहिली.

"सगळ्यांवर?"

"सगळ्यांवर."

"वेड लागलंय का तुला? उद्या कुठल्या तोंडानं जाऊ मी तिथं? बाबांनी दुसऱ्याच्या कामाला असा हात लावला नसता."

"बाबांनी नसता लावला. मी लावायचे." मी भिंतीकडे बोट केलं. "त्या खांद्यापाशी खडू पुसला गेला होता. रेघच नव्हती. छत्रीचा लाल खांद्यावर उतरला, बाईच्या गालावर गेला. तुझे बाबा गिऱ्हाइकासमोर मला नाही नाही ते बोलले आणि ब्रश फेकून निघून गेले. परत येईपर्यंत मी तो लाल पातळ करत करत त्याचा उजेड केला. आल्यावर त्यांनी बघितलं. सही केली."

"तू हे कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं, तर छापून झालंय म्हणाला असतास."

त्यानं हातातली प्रिंट खाली ठेवली. पाटीजवळ गेला आणि चष्मा कपाळावर चढवून अगदी नाक टेकेल इतक्या जवळून बघायला लागला.

"मग यात बाबांचं काय?"

"रेघ."

त्यानं छत्रीच्या कडेवरून बोट फिरवलं, मग खांद्यावरून, मग गालावरून.

"दिसत नाही कुठं."

"नाहीच दिसणार. भरताना ती रंगाखाली घ्यायची असते."

मी कात्री उचलली. अजून निम्म्या प्रिंटच्या कडा कापायच्या राहिल्या होत्या, आणि तो तिथंच उभा राहून बोटानं बापाची रेघ शोधत होता.