बुजवलेला घट

माझा लेक गोरक्ष, नावाजलेला शिल्पकार, सकाळपासून माझ्याकडे पाठ करून उभा आहे. स्मारक समितीच्या साहेबांशी बोलायला त्याला दहा तोंडं. आईशी बोलायला एकही नाही.

माघाचं फिकट, पीतवर्णी ऊन. त्या उन्हात धरणाची भिंत पहुडली आहे, करडी, कभिन्न, मौनधारिणी. पहुडली कसली! पोटात माणसं घेऊन बसली आहे.

बांधकाम चालू असताना ती खचली आणि ओल्या काँक्रीटखाली बिगारी गाडले गेले. त्यांत माझे मालक, गोरक्षचा बाप. भिंत उकरणार कोण? काम पुढं गेलं. प्रेत नाही, चिता नाही. पोरानं खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती फिरायचं, मागून कुणी दगडानं भोक पाडायचं, धार गळायची, मडकं फुटायचं, मग गेलेला सुटायचा. आमच्या वस्तीत ते मडकं फुटलंच नाही.

पोर मोठा झाला. शहराशहरांत त्याचे पुतळे. घोड्याचा उचललेला पाय म्हणजे पराक्रम, चाक म्हणजे प्रगती, कबुतर म्हणजे शांती. मी म्हणायची, "बाबा, तुझ्या चौकांत साधी माणसं राहतच नाहीत का रे? सगळी 'म्हणजे'च राहतात?" तो हसायचा.

मग हे काम आलं. भिंतीच्या पायथ्याशी, गाडलेल्या बिगाऱ्यांसाठी. त्यानं मातीत घडवली एक बाई, श्यामला, सजलनयना, अनवाणी. खांद्यावर घट, घटाला भोक, भोकातून धार, अखंड, अश्रुमंद धार. मसणात बाईला जागा नाही. इथं बाईनंच मडकं उचललं होतं. मला दाखवताना त्यानं एकदाही 'म्हणजे' म्हटलं नाही. माझ्या पायांवर डोकं ठेवलं, नुसतं. वस्तीतल्या बाया तोंडात पदर धरून तिच्यापुढं बसून राहिल्या.

आज ब्राँझवरचं कापड सरकलं.

भोक बुजलेलं. घासून लखलखीत केलेलं. घटावर आंब्याची पानं, पानांवर नारळ. टाळ्या झाल्या. जिचा भाऊ भिंतीत आहे ती यमुना माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, ही तर वऱ्हाडाला निघाली!"

गाड्या गेल्या. ऊन भिंतीवरून उतरलं, भस्मवर्णी झालं. भिंतीमागचं पाणी काळं, निश्चल, तृप्त. मी उठले. गोरक्षच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आये, साहेब म्हणाले फुटका घट अशुभ," तो पुटपुटला. "धरण म्हणजे समृद्धी. भरला कलश पाहिजे. नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या कुणाला दिलं असतं काम."

दऱ्याखोऱ्यांतून संध्याकाळ चढत होती, निळी, निःशब्द, निर्दय. त्यानं हात पुढं केला. तो मी हातात घेतला नाही.

"गोरक्षा," मी म्हटलं, "तुझ्या बापावर काँक्रीट पडलं, ते कुणी मुद्दाम टाकलं नव्हतं. हे ब्राँझ मात्र तू ओतलंस."