बाहेर येणारा बगळा

"एका डोळ्यानं चित्तर, दोन डोळ्यानं रान,
वाघ येते बाहेर, पोरा सांभाळ तुये कान!"

कोंढ्याच्या मंडईत, दिवाळीनंतर भरणाऱ्या जत्रेत, पेटीवाला असा गात गात ओरडायचा. लाकडाची पेटी, तिला दोन भोकं, आत जोडीनं लावलेली चित्रं. दोन्ही भोकांना दोन्ही डोळे लावले की सपाट चित्राला खोली यायची आणि गवतातला वाघ थेट नाकाशी. सात वर्षांच्या नत्थूनं डोळे लावले. वाघ कागदावरच बसून होता. पण पुढची पोरं किंचाळून गेली होती, मागची किंचाळायला टपली होती. मग नत्थूही किंचाळला, "आला रे बापा, आला!"

वाघ कागदावरच राहिला त्याचं कारण एवढंच, की चौथ्या वर्षी मळणीच्या खळ्यावर धानाचं कुसळ त्याच्या डाव्या डोळ्यात गेलं होतं. डोळा वरून शाबूत राहिला, आतून विझला. आईनं बजावलं होतं, "कोणाले सांगू नोको, पोरं काना म्हणतीन." लग्न जुळताना ते तोंडून निघालं नाही, आणि लग्न झाल्यावर सांगायला जागा उरली नाही. उषाबाईशी संसार करताना बत्तीस वर्षं अशी गेली, जसा तलावाच्या पोटात गाळ बसत जावा, हळूच, कुणाला न दुखवता.

तसं अडलंही काही नाही. आसगावात बांधीची, म्हणजे धानाच्या वाफ्याची, पातळी नत्थूसारखी कुणाला कळत नसे. तो धुऱ्यावर, वाफ्याच्या मातीच्या बांधावर, उभा राहायचा, मान इकडं करायचा, मान तिकडं करायचा, धुऱ्याची सावली पाण्यात कुठवर पडली ते बघायचा आणि सांगायचा, "त्या कोपऱ्यात चार बोटं माती उचला." लोक हसायचे, "नत्थूभाऊ बगळ्यावाणी पाह्यते." पण माती उचलायचे.

यंदा मंडईला लेक आली, गुंजन, आणि जावई निकेश. दोघं भंडाऱ्यात राहतात, घरी बसून गेम बनवतात. गुंजननं सोबत एक जाडजूड पडदा आणला होता. पुण्याच्या एका कंपनीनं तो पारखायला दिला होता. चष्मा लावायचा नाही, काही नाही. पडदाच म्हणे समोरच्याचे डोळे ओळखतो आणि प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवतो. तिच्या गेममध्ये एक बगळा भरल्या बांधीतून या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर उड्या मारतो. अंतर चुकलं की पाण्यात.

"बगळ्याले मान कोणाची घेतली, वळखा बाबा!" गुंजन म्हणाली.

"माही दिसते," नत्थू म्हणाला आणि सारं घर हसलं.

तो खेळायला बसला. बगळ्याची सावली पाण्यावर सरकायची, ती धुऱ्याला टेकली की नत्थू बटण दाबायचा. सात धुरे पार! गुंजननं टाळ्या पिटल्या. "बाहेर आलेला दिसते नं बगळा?"

सवयीनं तोंड आपसूक हललं. "दिसते म्हंजे? डोळ्याशी येते!"

तिथंच घोळ झाला. गुंजन निकेशकडं वळली. "पाहा! ज्या माणसानं जिंदगीत गेम खेळला नाही, त्याले दिसून राहिलं. मंग कोणाले दिसणार नाही?"

निकेश चिवडा खात होता. "तुले टीव्हीसंग आलेले थ्रीडी चष्मे आठवत नाही का? घरोघरी आले अन् कपाटात गेले. घरी माणूस कसा खेळते? लोळून, कुशीवर, चौघं मिळून."

तेवढ्यात शेजारची सुंदरबाई पान खात आत आली आणि नत्थूच्या खांद्यावरून वाकून पाहू लागली. "अवो माय, मले तं दोन दोन बगळे दिसतेत! डोकं फिरून राहिलं."

"घ्या," निकेश म्हणाला. "एकाच माणसाच्या डोळ्याचा हा पडदा. बाकीच्यायनं का दंडार पाहाले जायचं?"

"लोक शिकतीन," गुंजन म्हणाली. तिचं ठरलं होतं. कंपनीला आज दुपारपर्यंत कळवायचं होतं: गेम साध्या पडद्यावरही चालेल असा करायचा, की फक्त या पडद्यासाठी. फक्त यासाठी केला तर कंपनी साथ देणार, पण दोन वर्षं दुसरं काम बंद. "अन् सावली काढून टाकतो. सावली अर्धं सांगूनच टाकते. खरी खोली दिसली पाहिजे."

तिनं तिथंच सावली बंद केली. "बसा बाबा, आता पाहा मजा."

नत्थू बसला. बगळा पाण्यात. पुन्हा पाण्यात. त्यानं मान इकडं केली, तिकडं केली. पडद्यातल्या धुऱ्यांना त्याचं काही नव्हतं; ते एकमेकांना चिकटून, भिंतीवर रंगवल्यासारखे उभे. आठव्यांदा बगळा बुडाला तेव्हा उषाबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "बांधीत कधी पाय घसरला नाही, अन् इथं डुबक्या मारून राहिले!"

"वय झालं," नत्थू म्हणाला.

"नाही, सराव पाहिजे," गुंजन म्हणाली. "तुमाले दिसते, हे महत्त्वाचं." आणि ती ओसरीवर जाऊन मोबाइलवर लिहू लागली.

बाहेर ऊन कोवळं होतं. कापलेल्या धानाचा वास गल्लीभर पसरला होता, रात्रीच्या दंडारीच्या, गावातल्या नाच-नाटकाच्या, ढोलकीवर कुणी थाप मारून पाहत होतं. पोर वाकून लिहीत होती, कपाळावर तिच्या आईसारखी एक बट. नत्थू दारात उभा राहिला. एका शब्दावर ती दोन वर्षं टाकणार, आणि तो शब्द त्याचा. बैल विकताना त्याच्या दातांचं खोटं सांगितलं नाही, बांधीचं खोटं सांगितलं नाही. खोटं फक्त या एका डोळ्याचं.

मागून उषाबाई चहा घेऊन आली. आता सांगायचं तर तिच्याही देखत.

"गुंजन, थांब वं. धाडू नोको."

"काहून बाबा?"

"बस इथं. उषा, तूही बस." त्यानं चहाची कपबशी हातात घेतली आणि खाली ठेवली. मान हलवली नाही. सरळ लेकीकडं पाहिलं. "तुया बगळा मले बाहेर आलेला दिसलाच नाही. एकदाही नाही. डावा डोळा नावालेच हाये माया, चार वर्षांचा होतो तवापासून. तुया मायले सांगितलं नाही, कोणालेच सांगितलं नाही. सात धुरे पार केले ते सावलीवर केले. माह्यावाणी अजून असतीन, तेही नाही सांगणार. त्यायच्यासाठी सावली राहू दे, पोरी."