पुलापलीकडची रेघ

रस्त्यावरच्या ड्रायव्हरांचा थकवा मोजायचा एक मोठा प्रकल्प युरोपातल्या काही देशांनी मिळून काढला होता, आणि त्यात आमची कंपनीही भागीदार होती. कंपनी म्हणजे दोन ट्रक, माझा नवरा ल्युबेन, कोल्योकाका आणि मी. मोठ्या कंपन्यांनी आपले ड्रायव्हर द्यायला सरळ नकार दिला, आणि एक तरी छोटी कंपनी हवी असा नियम होता, म्हणून आमची वर्णी लागली. पडद्यावर विद्यापीठांच्या देखण्या चिन्हांच्या रांगेत अगदी शेवटी आमचं चिन्ह यायचं, माझ्या भाचीने काढलेला एक ट्रक. त्याची चाकं गोल नव्हती.

काम सोपं होतं. ल्युबेन आणि कोल्योकाका, दोघांनी मनगटाला पट्टा बांधायचा आणि नेहमीसारखी गाडी चालवायची. पट्टा हृदयाचे ठोके मोजायचा. गाडी कुठे आहे, माल काय आहे, हे मी पेत्रिच शहरातल्या आमच्या ऑफिसातून कळवायचं.

शेवटच्या बैठकीला मी थेसालोनिकीला गेले. कॅलिओपी नावाची संशोधक ग्राफ दाखवत होती. ड्रायव्हरांची नावं झाकलेली होती. आमचे दोघे म्हणजे ‘चालक अ’ आणि ‘चालक ब’. पण कोल्योकाका ट्रक शहरातच लावून बसने घरी जातात, गावापर्यंत ट्रक आणतो तो एकटा ल्युबेन. ब चा ग्राफ गावापर्यंत येत होता, तो कोण हे ओळखायला ज्योतिषी लागत नव्हता.

“हा ब बघा,” कॅलिओपी म्हणाली. “सर्बियाच्या सीमेवर दिवसभर रांगेत, तरी ठोक्यांची रेघ सपाट. ऑस्ट्रियात बर्फात गाडी घसरली, तरी सपाट. माणूस आहे की दगड! पण आता इथे बघा.”

घराकडचा शेवटचा तुकडा होता. दर शुक्रवारी, गावाअलीकडचा पूल ओलांडला की रेघ ताडकन वर जायची.

“स्नेझाना, तिथे काय आहे गं?”

“पूल आहे.”

“अरुंद असेल.”

“तसाच काहीसा,” मी म्हणाले.

शेजारच्या जर्मन गृहस्थाने ते लगेच टिपून घेतलं. आता अहवालात पूल रुंद करायची शिफारस आहे. त्या पुलावरून गवताने लादलेले दोन ट्रॅक्टर एकमेकांशेजारून आरामात जातात. पुलापलीकडे आमचं घर आहे, दुसरं काही नाही.

दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर आपण गाल चाचपून बघतो, तसं मी स्वतःला चाचपून बघितलं. काहीच जाणवलं नाही. फक्त एक जाणून घ्यायचं होतं. माझा नवरा दर शुक्रवारी घरी आनंदाने येतो, की भीत भीत?

चहाच्या सुट्टीत मी कॅलिओपीला गाठलं. “माणूस घाबरला की खूश झाला, हे यात कळतं का?”

“छे गं, यंत्राला कुठलं कळतंय! दोन्हीत ठोके वाढतातच. माझ्या नवऱ्याला पट्टा बांधलास तर पगाराच्या दिवशी आणि माझी आई घरी आली की रेघ सारखीच दिसेल.” ती स्वतःच खो खो हसली.

मी तिच्याकडे एक जादा पट्टा मागितला. ऑफिसात बसणाऱ्याचीही नोंद होऊ दे, असं सांगितलं. तिने आनंदाने दिला.

आठवडाभर मी तो बांधून फिरले. मोबाईलवर रेघ दिसायची. शेजाऱ्यांचा कुत्रा आमच्या कोंबड्यांवर धावला तेव्हा ती उसळली. म्हणजे पट्टा चालत होता, आणि हृदयही.

शुक्रवारी दुपारी मी अंगणातल्या चुलीवर मिरच्या भाजत होते. पुलावर ट्रकचा आवाज आला. मी मोबाईल काढून हातात धरला. ट्रक वळला, अंगणात मागे मागे येत थांबला. ल्युबेन उतरला, म्हणाला, “आलो गं.” रेघ जराही हलली नाही.

तो हातपाय धुऊन जेवायला बसला. मी ताटात मिरच्या वाढल्या, चीज ठेवलं. मग विचारलं, “पूल ओलांडला की तुला काय होतं?”

“मला? कुठे काय होतंय?”

“ग्राफमध्ये दिसतं, ल्युबेन. सगळ्या देशांनी बघितलं.”

त्याने पाव मोडला. म्हणाला, “धूर बघतो.”

“कसला धूर?”

“चुलीचा. धूर दिसला म्हणजे तू आहेस.”

“आणि मी कुठे जाणार होते?”

“स्पेनला, बहिणीकडे. बॅग भरली होतीस ना एकदा.”

खरं होतं. कित्येक वर्षांपूर्वी भरली होती आणि दुसऱ्या दिवशी रिकामी केली होती. भांडण झालं नव्हतं, तो काही वाईट वागलाही नव्हता. त्याने ती बॅग बघितली होती हे मला आज कळत होतं.

“तेव्हापासून?”

“तेव्हापासून,” तो म्हणाला. मग त्याचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. “अगं, तुलाही बांधलं त्यांनी? दाखव की. मी आलो तेव्हा तुझी रेघ काय म्हणत होती?”

खोटं बोलता आलं असतं. तेवढेही कष्ट घ्यावेसे वाटले नाहीत. मी मोबाईल त्याच्यापुढे ठेवला.

त्याने डोळे बारीक करून बघितलं. बोट त्या सपाट रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला.

“बघ, तुला कसली म्हणून धास्ती नाही,” तो म्हणाला. “मी येणारच, हे तुला पक्कं माहीत असतं. नाहीतर मी, येड्यासारखा धूर शोधत बसतो. तू जाणार नव्हतीसच, होय ना?”

“हो,” मी म्हणाले.

त्याने हसत आणखी दोन मिरच्या मागून घेतल्या. इतकं खूश मी त्याला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, आणि मला त्याचंही काही वाटलं नाही.