अवंतिकेचा काळा फोटो

ग्वारीघाटाच्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या सभागृहापुढे शनिवारी दुपारी एवढी गर्दी लोटे, की फुलवाल्यांनी टोपल्या घाटावरून उचलून इकडेच आणल्या होत्या. आत तेजपुंज महाराज बसत. महाराज जमान्याबरोबर चालणारे होते. अंगारा देत नसत, हवेतून अंगठी काढत नसत. ते फोटो काढवत. गादीमागे पुरुषभर उंचीची, लखलखीत चांदीच्या पत्र्याची प्रभावळ होती. तिच्या बाजूला भक्ताने हात जोडून उभं राहायचं, फ्लॅश उडायचा आणि पाच मिनिटांत छापील फोटो हातात. चेहरा उजळ आला तर कृपा, काळा आला तर सावली. सावलीवर उपाय महाराजच सांगत.

"कॅमरा मशीन है," ते डोळे मिटून म्हणत, "मशीन की न किसी से रिश्तेदारी, न दुश्मनी."

लोक माना डोलवत. ज्यांच्या घरी मिक्सर दर महिन्याला बिघडे, तेही मशीन कधी खोटं बोलत नाही यावर एकमत होते.

कांचघर मोहल्ल्यातल्या गीतांजलीला हे सगळं ऐकून माहीत होतं. ती वीस वर्षं लग्नाचे फोटो काढत होती आणि देवापेक्षा लाइटवाल्याशी तिचा जास्त संबंध यायचा. महाराजांची ती चेष्टा करायची आणि विसरून जायची. पण एका मंगळवारी शेजारची अवंतिका आली, सुजलेल्या डोळ्यांनी, आणि तिने एक फोटो पुढे ठेवला.

अवंतिका ही बेबीताईंची सून. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सासू तिला दरबारात घेऊन गेली, आणि फोटोत अवंतिकेचा चेहरा काळा ठिक्कर आला. सावली सुनेबरोबर घरात आली आहे, असा महाराजांनी निवाडा दिला. अकरा अमावास्या तिला माहेरी ठेवा, घरातलं पाणीसुद्धा भरू देऊ नका. नवरा सुमेध रेल्वेत होता. घरी आईपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. येत्या रविवारचं तिच्या माहेरचं, वर्ध्याचं तिकीट काढलं होतं.

"ताई, माझ्यात खरंच काही असेल काय?" अवंतिकेने विचारलं. हे ऐकून गीतांजलीला महाराजांपेक्षा सुमेधचा राग आला.

तिने फोटो खिडकीशी नेला. अवंतिका कडेला उभी होती, मधोमध प्रभावळ. चेहरा अंधारात होता, पण धूसर नव्हता. नीट पाहिलं तर पापणीचा केस न् केस मोजता येत होता. मधली चांदी मात्र छान, बेताच्या उजेडात. गीतांजली हसायला लागली. ही चूक तिच्या ओळखीची होती. धंद्यात नवी असताना दीक्षितपुऱ्यातल्या एका लग्नात तिने नवरीला मोठ्या आरशाशेजारी उभं केलं होतं, आणि नवरी अशीच काळी आली होती. नवरीच्या बापाने तेव्हा कुंडली काढली नव्हती, गीतांजलीलाच शिव्या दिल्या होत्या. ते जास्त शास्त्रशुद्ध होतं.

शनिवारी ती कॅमेरा घेऊन दोघींबरोबर दरबारात गेली. बेबीताई यायला लगेच तयार झाल्या, कारण महाराजांपुढे गीतांजलीची जिरेल अशी त्यांची खात्री होती. दारात एक सेविका प्रत्येकाला घरची अडचण विचारून वहीत लिहीत होती. वही आत जात होती. गीतांजली तासभर नुसती बघत बसली. मधेमधे सेवक "भगवान विश्राम करेंगे" असं म्हणून प्रभावळीवर काळी मखमल टाकत. विश्रामात ज्यांचा फोटो निघे, ते सगळे उजळ. मखमल काढली, की सगळे काळे.

तिने बेबीताईंना हळूच विचारलं, मागच्या वेळी वहीत काय लिहून दिलं होतं. बेबीताई म्हणाल्या, "हेच, की सून आल्यापासून घरात बरकत नाही."

मग गीतांजली उठली. महाराजांना नमस्कार करून म्हणाली, मशीन खोटं बोलत नसेल तर माझ्याही मशीनला विचारू द्या. गर्दीपुढे महाराजांना नाही म्हणता येईना. तिने अवंतिकेला त्याच जागी उभं केलं. आधी कॅमेऱ्याचा मध्य तिच्या चेहऱ्यावर धरून फोकस केला, मग कॅमेरा बाजूला वळवून प्रभावळ मधे घेतली आणि बटण दाबलं. चेहरा काळा. बेबीताईंनी सुस्कारा टाकला.

दुसऱ्या वेळी तिने मध्य चेहऱ्यावर धरला आणि चांदणीचं चिन्ह असलेलं छोटं बटण दाबलं. बारीक फ्लॅश उडाला. मग तसाच कॅमेरा वळवून फोटो घेतला. तीच अवंतिका, तीच जागा, आणि चेहरा जसा आहे तसा, स्वच्छ.

"देखा?" महाराज तत्परतेने म्हणाले. "अभी अभी हमने कृपा की."

"बरं केलंत," गीतांजली म्हणाली. "आता तुम्हीच उभे राहा जी. बघू, तुमचं तेज किती."

महाराजांचा नाइलाज झाला. शिवाय आपलं तेज कोणतंही मशीन अडवू शकत नाही, हे ते दर शनिवारी सांगत आले होते. ते उभे राहिले. चांदणीचं बटण तिने या वेळी दाबलं नाही. फोटोत महाराज तव्याच्या बुडासारखे आले. पडद्यावरचा फोटो दाखवत कॅमेरा हातोहात फिरला. मागून कोणीतरी विचारलं, महाराज कुणाच्या माहेरी जाणार? त्यावर आधी बायका हसल्या, मग सगळेच.

गीतांजलीने तिथेच उलगडून सांगितलं. फ्लॅश दोनदा उडतो. आधी बारीक, एरवी खऱ्याला चिकटूनच उडतो म्हणून डोळ्यांना वेगळा न कळणारा. तो किती परत येतो ते मोजून कॅमेरा खरा फ्लॅश ठरवतो, आणि मोजतो मुख्यतः मधलं. चेहऱ्यावर फोकस करून कॅमेरा वळवला की मधे चांदी येते. उजेड भरपूर आहे असं समजून कॅमेरा फ्लॅश कमी टाकतो, चेहरा काळा. मधे मखमल आली की उलटं, फ्लॅश जोरात, चेहरा पांढरा फटक. चांदणीचं बटण मोजमाप चेहऱ्यावरच करून धरून ठेवतं. मखमल कधी टाकायची, ते वही वाचून ठरतं.

महाराज आत निघून गेले. गर्दी मात्र हलेना. एका गृहस्थाने पुढे येऊन, दीदी, माझंही तेज काढून द्या, अशी विनंती केली, आणि एक म्हातारी थेट गीतांजलीच्या पायांवर वाकली. तिने पाय मागे घेतले.

"माझ्याही पाया पडू नका," ती म्हणाली. "मी हे कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत वाचून शिकले, तुम्हीही शिकाल. कॅमेरा उजेड मोजतो, पाप-पुण्य नाही मोजत. कोणी काहीही दाखवलं तरी एवढं विचारा, की हे कसं केलं. आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाची सून घराबाहेर काढू नका."

 परतीच्या ऑटोत बेबीताईंनी बाहेर बघतच विचारलं, मग मूल काहून होत नसेल. अवंतिका म्हणाली, तिने डॉक्टरांना दाखवलं होतं. तिच्या सगळ्या तपासण्या ठीक आल्या होत्या. सुमेधची तपासणी राहिली होती, त्याने वर्षभर टाळली होती. घरात कोणी विचारलंच नाही, म्हणून ती बोलली नव्हती.

बेबीताईंनी पर्समधून फोन काढला आणि मुलाला लावला.

"सोमवारी सुट्टी टाक," त्या म्हणाल्या. "डॉक्टरकडे जायचं आहे. तुले."