ऋतावहिनीची बाजू

फोन वाजला की ज्या घरातलं एक माणूस मुकाट्याने खोलीतून उठून जातं, त्या घरात काहीतरी बिनसलंय हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. चंदीगडच्या अडतीस सेक्टरमधल्या देवस्थळींकडे दर रविवारी सकाळी हेच घडत असे. अमेरिकेहून देवेंद्रचा फोन येई. सरलाताई पदराला हात पुसत धावत येत, आणि त्याच वेळी त्यांची सून ऋता भाजीची परडी उचलून मागच्या अंगणात निघून जाई.

"बघ," सरलाताई रिसीव्हरवर हात ठेवून मुलीला म्हणत, "सातासमुद्रापलीकडून नवऱ्याचा फोन, आणि हिला आत्ताच मेथी निवडायचीय!"

सुमेधा वह्या तपासत राही. शहराबाहेरच्या खरड गावाजवळच्या एका खासगी कॉलेजात ती इंग्रजी शिकवत होती. मुळात अबोल, वडील गेल्यापासून तर गरजेपुरतंच बोलायची. डॉ. बाळकृष्ण देवस्थळींनी इथल्या वैद्यकीय संस्थेत उभी हयात संशोधनात घालवली होती. त्या फेब्रुवारीत ते अचानक गेले. "माझे कागद अडकलेत, आत्ता देश सोडला तर परत शिरू देणार नाहीत," असं देवेंद्रने फोनवर सांगितलं. मग अग्नी सुमेधानेच दिला. आई अंथरुणाला खिळली होती, तिला सोडून जाणं शक्य नव्हतं. म्हणून अस्थी घेऊन हरिद्वारला गेली ती ऋता. सोबतीला महाराष्ट्र मंडळाचे राजाभाऊ होते.

ऋता या घरात येऊन तीन वर्षं झाली होती. तिचे वडील तेव्हा डेराबस्सीच्या औषध कारखान्यात केमिस्ट होते. पुढे निवृत्त होऊन नाशिकला परतले. लग्नानंतर तीन आठवड्यांनी देवेंद्र अमेरिकेला गेला, तो 'व्हिसा झाला की तुला नेतो' असं सांगून. व्हिसा आज होतोय, उद्या होतोय असं चाललं होतं. ऋता सासूसासऱ्यांपाशी राहिली आणि चौतीस सेक्टरमधल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवू लागली.

पण बाबा गेल्यानंतर काही महिन्यांनी ती बदलली. जेवताना मान वर करीना. सुमेधा खोलीत आली की बोलणं तोडी. क्लासहून यायला उशीर होऊ लागला.

"वहिनीवर जरा लक्ष ठेव," देवेंद्र फोनवर बहिणीला म्हणाला. "बाबा गेलेत. आता तिच्या मनात काय आहे, कोण सांगणार?"

तेवढं एक वाक्य पुरलं. संशय मोठा कामसू असतो. त्याला रविवारचीही सुट्टी नसते. वहिनीने कपाटाला कुलूप लावलं की सुमेधाला वाटे, काय लपवतेय? उघडं ठेवलं तरी वाटे, आता दाखवण्यासारखं काही उरलं नसेल! आणि एका दुपारी, कॉलेजातून परतताना, तिने वहिनीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. क्लासच्या नव्हे, शेजारच्या इमारतीचा जिना ती चढत होती. जिन्यापाशी पाटी होती : दलजीत कौर, ॲडव्होकेट.

"वकील?" सरलाताईंच्या हातातली उलथणी थांबली. "म्हणजे घरावर डोळा! दुसरं काय असणार? सासरा जाऊन वर्षही झालं नाही गं."

त्याच आठवड्यात कोर्टाचा माणूस दारात आला. देवेंद्रच्या नावाचं समन्स होतं. वादी : ऋता देवस्थळी.

सरलाताईंनी तो कागद सुनेपुढे धरला. "हे काय आहे?"

ऋताने कागदाकडे पाहिलं, मग सुमेधाकडे. त्या नजरेत राग होता, आणि रागाहून वाईट असं काहीतरी. "तुमच्या मुलाला विचारा, आई," ती म्हणाली. "नाहीतर सुमेधाला विचारा. तिला सगळं ठाऊक आहे." आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं.

मला ठाऊक आहे? सुमेधाला अर्थ लागेना. चोराच्या उलट्या बोंबा, असं मनाशी म्हणत तिने रविवारची वाट न पाहता बाजारातल्या बूथवरून देवेंद्रला फोन लावला.

"हात्तिच्या!" देवेंद्र हसला. "घाबरू नकोस. तिला काही करता येणार नाही. मला इथल्या कोर्टातून घटस्फोट मिळालाय. मेमध्येच."

"घटस्फोट? दादा, आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"

"आई त्या अवस्थेत होती, कुठे सांगणार? हे बघ, तिला रीतसर नोटीस गेली होती. ती आलीच नाही. अमेरिकेच्या कोर्टाचा हुकूम आहे, चेष्टा नाही. डिसेंबरात पुण्याला येतोय मी. एक स्थळ पक्कं होतंय. तेवढं तिला गप्प बसव, यार."

सुमेधा घरी आली ती फणफणतच. राग भावाचाही आला होता, पण वहिनीचा जास्त. नोटीस आली तेव्हा तोंड उघडलं नाही, घटस्फोट होऊनही इथेच सून म्हणून वावरली, आणि आता खटला! एवढ्या मोठ्या देशाच्या न्यायालयाने उगाच का निकाल दिला असेल?

दुसऱ्या दिवशी ती तडक दलजीत कौरच्या ऑफिसात गेली. पन्नाशीची, चष्मा कपाळावर चढवलेली बाई. लोणच्याबरोबर पराठा खात होती. सुमेधाचं सगळं बोलणं तिने मध्ये न तोडता ऐकलं. मग हात धुऊन आली आणि हिंदीत म्हणाली, "आप पढ़ाती हैं ना जी? मग एक सांगा. वर्गात दोन पोरं भांडली. एक पळत तुमच्याकडे आला. दुसऱ्याला बोलावलंच नाही. तर शिक्षा कुणाला?"

"पण तिला बोलावलं होतं! ती गेली नाही."

"हाच तर सारा प्रश्न आहे." दलजीत कौरने निकालाची प्रत पुढे ओढली. "लोक माझ्याकडे येतात, परदेशी कोर्टाचा शिक्का पाहिला की हातपाय गाळतात. त्यांना वाटतं, तो वरच्या देवाचाच हुकूम. आपला कायदा तसं म्हणत नाही, बेटा. बाहेरच्या न्यायालयाचा मान आपण ठेवतो, पण डोळे मिटून नाही. आपलं कोर्ट विचारतं : त्या न्यायालयाला हा वाद ऐकायचा अधिकार होता का? दोन्ही बाजू ऐकून, गुणदोष पाहून निकाल दिला का? ज्या कायद्याने लग्न लागलं, त्या कायद्यात हे कारण बसतं का? कुठे फसवणूक तर नाही? लग्न चंदीगडला, हिंदू पद्धतीने, बायको चंदीगडला, आणि निकाल अशा गावात, जिथे तिने पाय ठेवलेला नाही. सुप्रीम कोर्टाने नव्वदीच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की असे निकाल इथे आपोआप लागू होत नाहीत. आणि कारण काय लिहिलंय, वाचा."

सुमेधाने वाचलं. 'पत्नीने पतीचा त्याग केला. वारंवार बोलावूनही ती नांदायला आली नाही.'

बाबांच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या पायांना रोज तेल लावणारी वहिनी तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. व्हिसाचं काय झालं, म्हणून दर महिन्याला विचारणारी वहिनी. नांदायला आली नाही?

"हा शिक्का जन्मभर तिच्या कपाळावर राहणार," दलजीत कौर म्हणाली. "पैसा नको, घर नको, असं तिने पहिल्याच दिवशी मला सांगितलं. तिला फक्त हे वाक्य पुसायचंय. आणि ते नोटिशीवर अडलंय. तुमच्या भावाच्या वकिलाकडे पोचपावती आहे. घरातल्या सज्ञान व्यक्तीने सही करून घेतलेली. ही पाहा तिची प्रत."

पावतीवर सुमेधाची स्वतःची सही होती. तारीख फेब्रुवारीतली, वहिनी हरिद्वारला गेली होती, त्या दिवसाची.

तिला सगळं आठवलं. सुतकातलं घर. कुरियरवाला. त्याच्या आदल्याच दिवशी देवेंद्रचा फोन आला होता : 'ऋताच्या नावाचं पाकीट येईल. व्हिसाचे कागद आहेत, अजून अपुरे. तिला आत्ता देऊ नकोस, उगाच आशा लागेल. बाबांच्या टेबलात ठेव.' सुतकात कोण कशाला काय उघडून बघतंय! तिने सही केली आणि पाकीट ठेवून दिलं, पुढे त्याचा विसरच पडला. आपण वहिनीवर दयाच करतोय असं तिला तेव्हा वाटलं होतं.

अरे देवा! म्हणजे वहिनीला कोर्टाचं बोलावणं कधी पोचलंच नव्हतं!

"मग तिला कळलं कसं?" सुमेधाने विचारलं.

"दूतावासातून. व्हिसाची चौकशी केली, तर उत्तर आलं की अर्ज मागे घेतलाय, कारण आता पत्नीच नाही. पुढचे कागद मी मागवले. त्यात ही पावती निघाली." दलजीत कौरने पावती परत फाईलमध्ये ठेवली. "तेव्हापासून तिची खात्री आहे की तुम्ही सगळे सामील आहात. मी म्हटलं, नणंदेला विचार तर. ती म्हणाली, विचारायचं काय, सही बोलतेय."

सुमेधा त्या संध्याकाळी घरी आली तेव्हा ऋता स्वयंपाकघरात कणीक मळत होती.

"वहिनी, ते पाकीट मी घेतलं होतं," सुमेधा उभ्याउभ्याच म्हणाली. "दादाने सांगितलं, व्हिसाचे अपुरे कागद आहेत, तुला देऊ नको. मी विश्वास ठेवला. अजून टेबलात तसंच आहे, न फोडलेलं."

ऋताचे हात थांबले. "तुला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं. आणि तू मला विचारलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस?" ऋता म्हणाली. "चार महिने माझ्यामागे पाळत ठेवून होतीस. एकदा तरी समोर बसून विचारलंस, वहिनी, काय झालंय म्हणून?"

सुमेधा कणकेच्या परातीपाशी बसली. एकाच छपराखाली दोघींनी एकमेकींवर खटला चालवला होता, आणि दोघींनीही समोरचीला न बोलावता निकाल देऊन टाकला होता.

सरलाताई दारात उभ्या होत्या. "आता काय करणार आहेस?" त्यांनी मुलीला विचारलं.

"कोर्टात सांगणार. सही माझी आहे, आणि पाकीट वहिनीला दिलं नाही."

"सख्ख्या भावाविरुद्ध उभी राहणार?" सरलाताई कडाडल्या. "हिने भरवलंय तुला! बाप गेला, आता भाऊही तोडतेस? लोक काय म्हणतील?"

त्या रात्री तिथे कुणी नीट जेवलं नाही. रविवारी फोन आला तेव्हा सुमेधाने पहिल्यांदाच तो आईच्या आधी उचलला. देवेंद्रने सगळं ऐकून घेतलं आणि मऊ आवाजात म्हणाला, "सुमे, एवढंच म्हण, पाकीट तिच्या हातात दिलं. कोण बघायला आलंय? माझं सगळं आयुष्य अडलंय गं."

"दादा, तू हे आईलाच सांग," असं म्हणून तिने रिसीव्हर पुढे केला.

सरलाताईंनी तो कानाला लावला. पलीकडून देवेंद्र सांगत राहिला, ऋता नांदायला आली नाही म्हणूनच तो निकाल लागला. मग म्हणाल्या, "देवेन, 'ऋता नांदायला आली नाही' असं तू शपथेवर सांगितलंस? ती तर माझ्या घरात नांदत होती रे. तुझ्या बापाच्या अस्थी घेऊन गेली. तू आला नाहीस, ती गेली." पलीकडून काहीतरी उत्तर आलं असावं. "नाही," सरलाताई म्हणाल्या, "माझी मुलगी खोटं बोलणार नाही. मीच तिला सांगते, खोटं बोलू नकोस म्हणून."

सतरा सेक्टरच्या कोर्टात सुमेधाची साक्ष झाली तेव्हा देवेंद्रचा वकील उपहासाने म्हणाला, "भाई से कोई पुरानी दुश्मनी है मैडम? या भाभी ने कुछ वादा किया है?"

"दुश्मनी नहीं है," सुमेधा म्हणाली. "भाई ने अपनी बात कह दी है. मैं वो कहने आई हूँ जो किसी ने पूछा नहीं."

न फोडलेलं पाकीट न्यायाधीशांसमोर फोडलं गेलं. आत त्या दूरच्या न्यायालयाचं बोलावणं होतं. हजर राहायची तारीख केव्हाच उलटून गेली होती. यथावकाश निकाल लागला : पत्नीला बाजू मांडायची संधीच मिळाली नाही, त्या न्यायालयाला या विवाहाबाबत अधिकारही नव्हता, म्हणून तो परदेशी हुकूम तिच्यावर बंधनकारक नाही. पुण्याचं स्थळ तोवर मोडलं होतं. त्या मुलीच्या वडिलांनी, शहाणपणाने, चंदीगडला स्वतः फोन करून चौकशी केली होती.

मित्रहो, परदेशस्थ जावयाचं अप्रूप आज घरोघरी आहे. मुली द्यायच्या की नाहीत, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण परदेशी शिक्क्याचा कागद आला, तर आपली लेक सुटली किंवा बुडाली असं समजून रडत बसू नका. कशावरही सही करण्याआधी जाणत्या वकिलाला दाखवा. आपली न्यायालयं त्या कागदाला प्रश्न विचारतात. आणि मुलाकडच्यांनो, आपला पत्ता, आपली सही, आपलं मौन मुलाच्या लबाडीला उसनं देऊ नका. समोरच्याचं ऐकल्याशिवाय दिलेला निवाडा हा निवाडा नव्हेच. मग तो कोर्टातला असो, नाहीतर स्वयंपाकघरातला.

वर्षभराने ऋताने याच शहरातल्या न्यायालयात स्वतः घटस्फोटाचा अर्ज केला. सरलाताई तिच्यासोबत गेल्या होत्या. बाहेरच्या बाकावर एका ओळखीच्या बाईने त्यांना गाठलं आणि कुजबुजत विचारलं, "अहो, मग एवढं भांडून काय मिळवलं? शेवटी घटस्फोटच ना?"

"हो," सरलाताई म्हणाल्या. "पण या वेळी तिला विचारून."