निगेटिव्ह घेऊन या

साहेब, ती भिंत तुमच्या जेसीबीने पाडली. मगरीने नाही, पुराने नाही, वस्तीतल्या पोरांनीही नाही. कांस साफ करायला तुमचं यंत्र आलं, मागे घेताना त्याने भिंतीला दोन हात रुंद भगदाड पाडलं आणि ड्रायव्हर चहा पिऊन निघून गेला. हे तुम्हाला माहीत आहे. तरी तुम्ही कागदावर लिहिलंत की भिंत शाबूत आहे. तुम्ही खोटं लिहिलंत.

आता पुढचं ऐका, त्यातला साहेब म्हणजे तुम्हीच.

कांस म्हणजे पावसाचं पाणी विश्वामित्रीत नेणारा मोठा नाला. समा भागात असा एक कांस सोसायट्यांच्या मागून जातो. विश्वामित्रीत मगरी आहेत हे बडोद्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. त्या पाण्यात, आपण रस्त्यावर, मधे भिंत. भिंत गेली तेव्हा गोष्ट बदलली. डिसेंबरात एक मगर भगदाडातून वर येऊन पायवाटेच्या कडेला ऊन खात पडायला लागली. त्याच वाटेने वस्तीतली चौदा-पंधरा पोरं अंगणवाडीत जातात. त्यांत कमळाबाईची नात कोमल.

कमळाबाई सोसायटीत चार घरची भांडी घासते. आधी तिची शेळी गेली. पुढच्या वेळी मगर दिसली तेव्हा ती पळाली नाही, तिने मोबाइल काढून फोटो घेतला. मग ज्यांच्याकडे पहिलं काम असतं त्या निरुपमा दिघ्यांना बरोबर घेऊन ती पालिकेच्या ऑफिसात गेली.

साहेबांनी फोटो पाहिला, रांगेकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, "मासी, आजकाल मोबाइलमां वाघ पण बने छे. असली फोटो असेल तर निगेटिव्ह घेऊन या."

रांग हसली. कमळाबाईही हसली, कारण साहेब हसला की गरिबाला हसावंच लागतं. निरुपमा हसली नाही. तिने एवढंच विचारलं, निगेटिव्ह आणलं तर भिंत बांधाल? साहेब म्हणाले, बांधू की, बेन, का नाही बांधणार.

निरुपमाने एकतीस वर्षं कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली होती. प्राध्यापक शिकवायचे, उपकरणं ती जिवंत ठेवायची. तिला कोणी थट्टेत सांगितलेली गोष्टही शब्दशः घ्यायची सवय होती. घरी येऊन तिने कपाट उघडलं आणि वडिलांचा कॅमेरा काढला.

तो कॅमेरा म्हणजे बोटाएवढा लांब आणि दोन बोटं रुंद धातूचा तुकडा. जर्मन, वय सत्तरीच्या पलीकडे. ओढला की लांब होतो, दाबला की आखूड. एकदा ओढून दाबला की आत फिल्म एक घर पुढे सरकते आणि शटर ताणलं जातं. बॅटरी नाही, पडदा नाही, काही बनवायची सोय नाही. समोर जे असेल तेच आत जाणार.

तिचा नवरा हेरंब प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होता, आता निवृत्त. त्याने कॅमेरा तळहातावर घेतला आणि विचारलं, "निरू, मगरीचा फोटो काढणार की मुंगीचा?"

ती म्हणाली, मगरीचा. आणि कामाला बसली.

कॅमेरा ट्यूबलाइटकडे धरून, फिल्म जायच्या जागेतून आत पाहत तिने कळ दाबली. शटरचं पातं उघडलं आणि अर्ध्यावर अडकलं. काडीने ढकललं तेव्हा मिटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्ध्यावर. स्प्रिंग तुटली असती तर उघडलंच नसतं. म्हणजे स्प्रिंग ठीक होती, जुनं ग्रीस वाळून डिंक झालं होतं. तिने इडलीपात्र घेतलं आणि निघालेला एकेक स्क्रू क्रमाने एकेका खळग्यात ठेवला. स्क्रू तिळाएवढे. दिवसभरात सात निघाले, आठव्याची खाच झिजली होती. त्याला तिने दोन दिवस दिले, पण जोर लावला नाही.

तिसऱ्या दिवशी पाती मोकळी झाली. ती भाजी आणायला गेली आणि हेरंबने प्रेमाने घात केला. आयुष्यभर कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे एकच औषध होतं. त्याने पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला.

ती परत आली तेव्हा दोन्ही पाती ओल्या कागदांसारखी एकमेकांना चिकटली होती.

"अहो, हे इंजिन नाही," ती म्हणाली. "शटरची पाती कोरडीच चालतात. तेल घातलं की मेली."

दीड दिवस घरात फक्त भांडी बोलली. तिने पाती पुन्हा काढली, स्पिरिटने तीनदा धुतली आणि मऊ कापडाने टिपली. मग कळ दाबली. टक. पुन्हा टक. पन्नास वेळा दाबलं, पन्नास वेळा नीट मिटलं.

मग फिल्मचा प्रश्न आला. एवढ्याशा कॅमेऱ्याला लागणारी सव्वानऊ मिलिमीटरची फिल्म आज कोण विकणार? साध्या रोलमधून तेवढी पट्टी कापायची, आणि तीही मिट्ट काळोखात, हाताच्या अंदाजाने. इथे हेरंबला प्रायश्चित्ताची संधी मिळाली. त्याने ॲल्युमिनियमच्या तुकड्यात खाच पाडली, तिच्यावर दोन ब्लेड बसवली आणि रोल एकीकडून ओढला की पट्टी कापून निघेल असं ओबडधोबड साधन केलं. भर दुपारी बाथरूमच्या खिडकीला गोधडी ठोकून दोघांनी पट्ट्या कापल्या. कॅमेऱ्यासोबत वडिलांनी जपलेली फिल्मची एक छोटी डबी होती, तिच्यात निरुपमाने पट्टी भरली.

चाचणीला तिने सोसायटीची पाण्याची टाकी, पार्किंग आणि हेरंब असे वेगवेगळे फोटो काढले. धुतल्यावर पाहिलं तर सगळे एकाच घरात एकमेकांवर बसलेले. टाकीच्या पोटात हेरंब, हेरंबच्या पोटात स्कूटर. फिल्म पुढे सरकलीच नव्हती. तिने कॅमेरा उघडून पुन्हा ओढला, दाबला. दाते फिरत होते, डबीची चकती फिरत नव्हती. म्हणजे अडचण कॅमेऱ्यात नव्हती, डबीत होती. तिने प्रयोगशाळेतून निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेला व्हर्नियर काढला आणि पट्टी मोजली. साडेनऊ. पाव मिलिमीटर जास्त. पट्टी डबीच्या भिंतींना घासून अडकत होती.

हेरंब म्हणाला, आमच्याकडे रेल्वेच्या चाकाला एवढा फरक चालतो.

"मग चाकाचाच फोटो काढते," ती म्हणाली. त्याने मुकाट्याने एक ब्लेड सरकवलं. या वेळी प्रत्येक फोटो आपापल्या घरात आला.

या सगळ्यात जानेवारी संपत आला. रोज सकाळी कमळाबाई पोरांना लांबच्या रस्त्याने, ट्रक धावतात त्या बाजूने नेत होती, आणि चारपैकी दोन घरी तिला उशिराबद्दल बोलणी बसत होती. एका घराने दुसरी बाई पाहिली. कमळाबाई निरुपमाला म्हणाली, ताई, आणखी आठ दिवस निघतील, मग मला पोरीला त्याच वाटेने धाडावं लागेल.

शेवटी एका मंगळवारी अकरा वाजता मगर भगदाडात येऊन पडली. अर्धी आत, अर्धी वाटेवर. कमळाबाईने वळणावर उभं राहून लोकांना थांबवलं. हेरंब लांब बांबू घेऊन निरुपमाच्या मागे उभा राहिला.

लांबून फोटो काढून उपयोग नव्हता. नखाएवढ्या निगेटिव्हमध्ये मगर म्हणजे ओरखडा दिसला असता. भगदाडाशेजारी तुमच्याच ऑफिसने रंगवलेला भिंतीचा क्रमांक आहे, चौदा. मगर, भगदाड आणि चौदा, तिन्ही एका चौकटीत हवं होतं. निरुपमाने मनात मोजलं आणि चालायला लागली. मगर बारा पावलांवर राहिली तेव्हा हेरंब म्हणाला, बस. ती थांबली नाही. आठ पावलं उरली तेव्हा थांबली, श्वास रोखला आणि कळ दाबली. टक. ओढलं, दाबलं, पुन्हा टक. तिसऱ्या वेळी मगरीने डोळा उघडला. निरुपमाने तो तिसराही फोटो काढला आणि मगच पाय मागे घेतले, पाठ न फिरवता.

दुपारी गोधडीमागे फिल्म धुतली. संध्याकाळच्या उन्हात तिने ती पट्टी खिडकीशी धरली आणि कमळाबाईच्या हातात भिंग दिलं. कमळाबाईने बराच वेळ पाहिलं. उजेड काळा, काळोख पांढरा. मग म्हणाली, हीच ती, माझी शेळी खाणारी.

दुसऱ्या दिवशी तिघं ऑफिसात गेली. निरुपमाने टेबलावर पांढरा कागद पसरला, त्यावर पट्टी ठेवली, शेजारी भिंग ठेवलं. साहेबांनी पट्टी चिमटीत धरली, भिंगाला हात लावला नाही. हे काय म्हणून विचारलं. निगेटिव्ह, ती म्हणाली, तुम्ही मागितलेलं. साहेबांना ते बोलणं आठवतही नव्हतं. त्यांनी शेजारच्या क्लार्ककडे पाहिलं आणि समजावणीच्या सुरात सांगितलं, बेन, असं प्रत्यक्ष काही आम्ही घेत नाही. तक्रार पोर्टलवर करायची. हे स्कॅन करा, कॉम्प्युटरवर साफ करून फोटो अपलोड करा, नंबर येईल, मग जोईशुं, बघू.

रांगेत कोणी हसलं नाही.

कमळाबाई पुढे झाली. या वेळी तीही हसली नाही. निरुपमाला वाटलं, अडकलेलं पातं सुटावं तसं कुठेतरी टक वाजलं.

"साहेब, मोबाइलचा फोटो आणला, तर म्हणालात खोटा," कमळाबाई म्हणाली. "ताईंनी खरा आणला, तर म्हणता त्याचा कॉम्प्युटरवाला करून आणा. म्हणजे पुन्हा खोटा म्हणायला तुम्ही मोकळे. माझी पोर उद्या साडेनऊला घरातून निघणार आहे. कोणत्या वाटेने धाडू, ते तुम्ही सांगा."

साहेबांनी फोन उचलला, खाली ठेवला, क्लार्कला पाणी सांगितलं.

निरुपमाने खुर्ची ओढली आणि कमळाबाईला बसवलं. दुसरी ओढून स्वतः बसली. हेरंब दाराशी उभा राहिला. तिने पर्समधून पेन काढून पांढऱ्या कागदावर, पट्टीच्या शेजारी ठेवलं.

"भिंत क्रमांक चौदा," ती म्हणाली. "कोणत्या तारखेला बांधणार? इथे लिहा. आम्ही वाट बघतोय, बोला."