सरपंचांचा शिक्का आणि नाथाजीचा दाखला

मित्रांनो, माझी लाकडी मूठ हातांच्या घामाने काळी पडली आहे, कडेचं रबरही झिजलं आहे. पण माझ्यावरचं 'सरपंच' हे नाव अजून स्वच्छ उमटतं. माण तालुक्यातल्या एका मेंढपाळांच्या वाडीचा मी शिक्का. म्हसवडच्या बाजारात एका टीचभर दुकानात मी घडलो.

कितीतरी सरपंच पाहिले मी! कुणी मला कपाटात कोंडलं, कुणी खिशात घालून लग्नांतून मिरवलं. अंजनाबाईंनी मात्र मला पिशवीत घालून थेट माळावर नेलं. मेंढरं घेऊन बाहेरगावी निघालेल्या माणसांना कचेरीच्या वेळा कुठून जमणार? बाई तिथेच दगडावर बसून दाखल्यावर सही करायच्या आणि फुंकर मारून मला उमटवायच्या. त्या फुंकरीचा मला फार अभिमान होता.

पुढे बाई पंचायत समितीवर निवडून आल्या. ग्रामसेवक जयराज म्हणाले, "बाई, कायद्यानं दोन्हीकडं बसता येत न्हाई. एक जागा सोडावी लागंल."

बाईंनी सरपंचपदाचा राजीनामा दिला. तो मंजूर झाला, कारभार उपसरपंचांकडे गेला. मी मात्र पिशवीतच राहिलो. मी हाताला लागलो की "देईन की शिक्का, पळून चाललाय व्हय त्यो?" असं बाई हसून म्हणायच्या. जयराजांना हे खटकत होतं, पण बाईंकडे शिक्का मागायचा कसा, म्हणून तेही गप्प बसले.

अशात धुळा धनगर आला. त्याचा मुलगा नाथाजी चार वर्षं सैन्यभरतीसाठी माळावर पळत होता. वयात बसणारी ही शेवटचीच भरती होती.

"आवं बाई, पोराच्या वागणुकीचा दाखला तुमच्याच हातचा पायजे."

"माज्या न्हाईतर कुणाच्या?" म्हणत बाईंनी सही ठोकली. मला ओरडता आलं असतं, तर मी तेव्हा ओरडलो असतो. पण मी उमटलो, आणि अगदी सुबक उमटलो.

मैदानावर नाथाजी पहिल्या पाचांत आला. कागद तपासताना तिथल्या साहेबांनी वाडीत फोन लावला. जयराजांनी खरं तेच सांगितलं: त्या तारखेला बाई सरपंच नव्हत्या. दाखला बाद झाला. दुसरा आणेपर्यंत यादी बंद झाली होती.

बाई धावत धुळाच्या घरी गेल्या. "धुळादा, तुमच्या पोराचं मी वाटोळं केलं वं."

धुळा खाली बघत म्हणाला, "तुमी लय चांगल्या, बाई. म्हनून तर आलो हुतो." त्याने चार शिव्या दिल्या असत्या, तर बाईंना सोसल्या असत्या. हे सोसलं नाही. त्या उंबऱ्यावरच बसून रडल्या.

नाथाजी बाहेर आला. "समितीचं काम जोरात करा, बाई. शिक्का मातुर ज्येचा त्येला द्या."

तिथून उठून बाईंनी मला उपसरपंचांच्या हातात ठेवलं. नाथाजीचं वय मात्र कुणालाच परत देता आलं नाही.

मित्रांनो, मला एखाद्या लबाडाने दडवलं असतं, तर वाडीने भांडून परत घेतलं असतं. बाई चांगल्या होत्या, म्हणून मला कुणी मागितलंच नाही. एवढंच सांगतो, चांगल्या माणसाकडूनही वेळेवर मागून घ्या.